शॉर्ट करण्याआधी शेअर उसने मिळवायचे कसे?

कंपनीचा ताळेबंद वाचला, भाव फुगलाय याची खात्री पटली, विक्रीची ऑर्डर टाकली आणि क्षणात ती नाकारली गेली. कारण म्हणून एकच ओळ: शॉर्टसाठी शेअर उपलब्ध नाहीत. शॉर्ट सेलिंग, म्हणजे शेअर आधी विकून भाव पडल्यावर परत घेणं, शिकायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते, आणि बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं की जे शेअर आपल्याकडे नाहीत ते विकण्याआधी कुणाकडून तरी आणावे लागतात. भाव कुठे जाईल हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शेअर आणायचे कुठून, त्यांचं भाडं किती आणि ते आपल्या हातात किती दिवस राहतील, हे सांगणारे कमी. नवख्यांचे पैसे माझ्या मते चुकीच्या अंदाजापेक्षा इथेच जास्त जातात, म्हणून हा लेख तेवढ्यापुरता.

एक शब्द आधी पक्का करून घेऊ. मराठीत उधार आणि उसनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उधारीवर घेतलेली वस्तू आपली होते, देणं पैशाचं राहतं. उसनी आणलेली वस्तू मात्र तीच, तेवढीच परत करायची असते. शॉर्ट सेलिंग ही उसनवारी आहे. १,००० शेअर उसने घेऊन २० डॉलरने विकले, तर तुमच्या डोक्यावर २०,००० डॉलरचं देणं नसतं, १,००० शेअरचं असतं. भाव ६० झाला तरी परत करायचे ते १,००० शेअरच, मग ते बाजारातून ६०ने आणावे लागले तरी. आणि उसन्या वस्तूचा मालक ती कधीही परत मागू शकतो. पुढचं सगळं याच दोन गोष्टींतून निघतं.

उदाहरणं मी अमेरिकी बाजारातली घेतली आहेत, कारण ब्रोकरकडे ‘लोकेट’, म्हणजे उसने शेअर मिळतील अशी नोंद, मागायची पद्धत तिथे किरकोळ ग्राहकाच्या पडद्यापर्यंत आलेली आहे. नियम देशागणिक बदलतात. दक्षिण कोरियाने नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२५ शॉर्ट सेलिंग बंदच ठेवलं होतं. भारतात त्याच दिवशी कव्हर करायचं (शेअर परत घेऊन शॉर्ट मिटवायचा) असेल तर शेअर उसने घ्यावे लागत नाहीत, पण डिलिव्हरी द्यायची वेळ आली आणि शेअर नसले तर सौदा ऑक्शनला जातो, म्हणजे ते शेअर तुमच्या खर्चाने लिलावातून आणले जातात. रात्रभर शॉर्ट ठेवायचा असेल तर एप्रिल २००८मध्ये सुरू झालेला एक्स्चेंजचा एसएलबी (शेअर उसने देण्या-घेण्याचा) मंच आहे, नाहीतर फ्यूचर्स-ऑप्शन्स. भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली परदेशी एक्स्चेंजवरच्या मार्जिनसाठी (सौद्याच्या तारणासाठी) पैसे पाठवायला परवानगी नाही. म्हणजे भारतातून पैसे पाठवून अमेरिकी शेअर शॉर्ट करायचा विचार असेल तर तो तिथेच थांबवावा.

पहिली पायरी: खातं आणि ब्रोकर

रोख खात्यातून शॉर्ट करता येत नाही, मार्जिन खातंच लागतं, म्हणजे तारण ठेवून ब्रोकरकडून पैसे किंवा शेअर घेता येतील असं खातं. अमेरिकेत त्यात किमान २,००० डॉलर असावे लागतात. सौदा करताना शेअर विकून आलेली सगळी रक्कम खात्यात अडकून राहते आणि वर तिच्या ५० टक्के स्वतःचे पैसे लागतात. म्हणजे १०,००० डॉलरच्या शॉर्टसाठी खात्यात एकूण १५,००० दिसले पाहिजेत, त्यातले ५,००० तुमचे.

सौदा चालू असताना किती मार्जिन राखायचं याचा नियम नवख्याला चकवतो. ५ डॉलर किंवा त्याहून वरच्या शेअरला भावाच्या ३० टक्के किंवा शेअरमागे ५ डॉलर, यातलं जे जास्त ते. पण ५ डॉलरच्या खालच्या शेअरला पूर्ण १०० टक्के किंवा शेअरमागे अडीच डॉलर, यातलं जास्त. म्हणजे १ डॉलरचा शेअर शॉर्ट केला तर शेअरमागे अडीच डॉलर अडकले. ‘एक डॉलरचा तर शेअर, असे कितीसे पैसे लागणार’ असं म्हणत स्वस्त शेअरांच्या मागे लागणारे इथे पहिला मार्जिन कॉल, म्हणजे आणखी पैसे भरायचा निरोप, खातात. हे झाले किमान आकडे. ब्रोकर स्वतःचे याहून कडक नियम लावतो, आणि ते सौदा चालू असताना बदलूही शकतो.

ब्रोकर निवडताना कमिशनपेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे, आणि ते खातं उघडण्याआधी लेखी विचारावेत:

– सहज न मिळणाऱ्या शेअरांचं लोकेट देता का, की फक्त सोप्या यादीतलेच शेअर शॉर्ट करता येतात?
– उपलब्ध शेअरांची संख्या आणि भाड्याचा दर ऑर्डर टाकण्याआधी दिसतो का?
– घेतलेलं लोकेट वापरलं नाही तर पैसे जातात का, आणि एकदा कव्हर केल्यावर त्याच लोकेटवर पुन्हा शॉर्ट करता येतो का?
– मालकाने शेअर परत मागितले तर मला कळवता का, आणि किती आधी?

चौथ्या प्रश्नाला ब्रोकरचा माणूस गोलमोल उत्तर देऊ लागला तर मी ते उत्तर ‘नाही’ असंच धरतो. ब्रोकर स्वतः क्लिअरिंग (सौदे पुरे करून शेअर आणि पैसे पोचवणं) करतो की दुसऱ्या मोठ्या संस्थेमार्फत, हेही विचारा. दुसऱ्यामार्फत करत असेल तर शेअरांचा साठा त्या संस्थेचा असतो आणि तुमचा ब्रोकर फक्त निरोप्या असतो. दोन ब्रोकरांची नावं वेगळी, पण क्लिअरिंग संस्था एकच असेल, तर एकाकडे नसलेला शेअर दुसऱ्याकडे मिळायची आशा फारशी धरू नका. याउलट साठे वेगळे असतील तर दोन खाती ठेवण्यात अर्थ आहे.

दुसरी पायरी: शेअर येतात कुठून हे समजून घ्या

ही पायरी वरवर पुस्तकी वाटेल, पण उसना शेअर किती टिकाऊ आहे ते इथेच कळतं.

पहिली वाट त्याच ब्रोकरच्या इतर ग्राहकांची. कुणी ब्रोकरकडून कर्ज घेऊन शेअर घेतले, की त्यातले काही शेअर पुढे वापरायचा हक्क ब्रोकरला मिळतो. अमेरिकेत त्याची मर्यादा ग्राहकाच्या कर्जाच्या १४० टक्के आहे. १०,००० डॉलर कर्ज असेल तर त्या ग्राहकाचे १४,००० डॉलरपर्यंतचे शेअर ब्रोकर तुम्हाला उसने देऊ शकतो. पूर्ण पैसे भरून घेतलेले शेअर मात्र ग्राहकाच्या संमतीशिवाय हलवता येत नाहीत. संमती देणाऱ्याला भाड्यात वाटा देणाऱ्या योजना असतात, ती दुसरी वाट. तिसरी वाट म्हणजे दुसरे ब्रोकर. चौथी विहीर सर्वांत खोल: इंडेक्स फंड, पेन्शन फंड, विमा कंपन्या. त्यांचे शेअर ते सांभाळणाऱ्या कस्टोडियन बँकांकडे असतात आणि त्या बँका ते भाड्याने देतात.

आता दोन शेअर शेजारी ठेवा. एक मोठ्या निर्देशांकातली कंपनी. तिचे कोट्यवधी शेअर चौथ्या विहिरीत पडून आहेत, एका फंडाने परत मागितले तर ब्रोकर दुसऱ्याचे आणून ठेवतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. भाडं वर्षाला एक टक्क्याच्याही आत. दुसरी छोटी कंपनी, नुकतीच बाजारात आलेली, प्रवर्तकांचे शेअर लॉक-इनमध्ये (ठरावीक काळ विकता न येणारे), फंडांनी हात न लावलेली. तिचे जे काही उसने शेअर मिळतात ते पहिल्या वाटेने, म्हणजे मार्जिनवर शेअर घेतलेल्या कुणा ग्राहकाचे. त्याने ते विकले किंवा कर्ज फेडलं, की तुमच्या पायाखालची जमीन गेली. दोन्ही शेअरांपुढे पडद्यावर ‘उपलब्ध’ असंच लिहिलेलं असतं.

याच वाटेवरून आणखी एक कोडं सुटतं. जानेवारी २०२१मध्ये गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत, बाजारात खेळत्या शेअरांपेक्षा शॉर्ट केलेले शेअर जास्त होते. अमेरिकी नियामक एसईसीच्या अहवालात तो आकडा १२२.९७ टक्क्यांपर्यंत गेल्याचं नोंदलं आहे. लोकांना वाटलं, हे बेकायदा विक्रीशिवाय शक्यच नाही. पण शक्य आहे. पहिल्याचा शेअर दुसऱ्याने उसना घेऊन तिसऱ्याला विकला. तिसऱ्याच्या दृष्टीने तो त्याचाच शेअर, आणि त्याचं खातंही मार्जिनचं. तिथून तो पुन्हा उसना गेला आणि चौथ्याला विकला गेला. शेअर एक, उसनवाऱ्या दोन.

तिसरी पायरी: यादी वाचायला शिका

ब्रोकरच्या पडद्यावर शेअर तीन गटांत दिसतात. ‘ईझी टू बॉरो’, म्हणजे विचारायची गरज नाही, ऑर्डर टाका. ‘हार्ड टू बॉरो’, म्हणजे मागावा लागेल, भाडं जास्त. आणि तिसरा गट, शेअरच नाहीत. इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्ससारखे काही ब्रोकर संख्या आणि दरही दाखवतात.

ती संख्या तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते. ‘उपलब्ध ४०,०००’ असं तुम्हाला दिसतं तेव्हा तेच ४०,००० ब्रोकरच्या सगळ्या ग्राहकांना दिसत असतात. म्हणून एका क्षणाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. चार-पाच दिवस सकाळी एका ठरावीक वेळी संख्या आणि दर वहीत उतरवा. मी हे अजूनही कागदावर करतो. संख्या रोज घटतेय आणि दर रोज चढतोय असं दिसलं, तर तुमच्यासारखाच विचार करणारे खूप जण आधीच आत शिरलेत. भाव पडेलही, पण मध्ये एक उसळी आली तर दार अरुंद आणि बाहेर पडणारे पुष्कळ, अशी गत होते.

याच्या जोडीला शॉर्ट इंटरेस्ट पाहा, म्हणजे आजवर किती शेअर शॉर्ट होऊन उघडे आहेत तो आकडा. अमेरिकेत ब्रोकरांवर देखरेख करणारी संस्था फिनरा तो महिन्यातून दोनदा जाहीर करते, आणि जाहीर होतो तेव्हा तो काही दिवस शिळा असतो. त्याला रोजच्या सरासरी उलाढालीने भागलं की ‘डेज टू कव्हर’ मिळतात, म्हणजे सगळे शॉर्ट मिटवायला किती दिवस लागतील ते. फिनरा रोज जो शॉर्ट विक्रीचा आकडा देते तो मात्र वेगळा. त्यात मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारा) खरेदीदाराला शेअर देण्यासाठी काही क्षण शॉर्ट होतो तेही धरलेलं असतं, त्यामुळे तो नेहमीच मोठा दिसतो. ‘आज निम्मी विक्री शॉर्ट होती’ असं कुणी घाबरून किंवा आनंदाने सांगितलं, तर त्यावर पैसे लावू नका.

चौथी पायरी: लोकेट मागणं

अमेरिकेत रेग्युलेशन एसएचओ हा नियम जानेवारी २००५पासून लागू आहे. शॉर्ट विक्रीची ऑर्डर घेण्याआधी ब्रोकरने शेअर उसने घेतलेले असले पाहिजेत, किंवा वेळेवर मिळतील असं मानायला वाजवी आधार असला पाहिजे. हा आधार म्हणजे लोकेट. सोप्या यादीतल्या शेअरांसाठी ती यादीच आधार ठरते, म्हणून तुम्हाला काही मागावं लागत नाही. अवघड शेअरांसाठी मागावं लागतं.

प्रत्यक्षात हे असं चालतं. लोकेटची खिडकी उघडायची, शेअरचं चिन्ह टाकायचं, संख्या टाकायची, समजा १,०००. काही सेकंदांत उत्तर येतं: १,००० उपलब्ध, शेअरमागे ३ सेंट. खाली दोन बटणं, स्वीकार आणि नकार, आणि शेजारी उलटे पळणारे सेकंद. स्वीकार दाबलं की ३० डॉलर खात्यातून गेले. अजून एकही शेअर विकलेला नाही. भाव हव्या त्या जागी आलाच नाही आणि दिवस तसाच गेला, तरी ते ३० डॉलर सहसा परत येत नाहीत, कारण लोकेट बहुधा त्याच दिवसापुरतं असतं.

त्या पळत्या सेकंदांनी माणूस घाबरतो. मीही सुरुवातीला घाबरून हवे होते त्याच्या तिप्पट शेअरांचं लोकेट घ्यायचो, पुढे मिळणार नाही या भीतीने. आता मी आकडा आधी लिहून ठेवतो: या सौद्यात मला शेअरमागे किती मिळायची आशा आहे आणि त्यातला किती हिस्सा लोकेटला द्यायची तयारी आहे. ५० सेंटची आशा असेल तर ३ सेंट चालतील. १५ सेंटची असेल तर नकार. सकाळी बाजार उघडण्याआधी मागणी जास्त असते, त्यामुळे गाजणाऱ्या शेअरचा दर तेव्हा चढा असू शकतो. थोडं थांबलं की तो कधी उतरतो, कधी शेअरच संपतात. दोन्हीची तयारी ठेवा.

लोकेट म्हणजे उसने शेअर हातात आले असं नाही. ती फक्त ‘मिळतील’ ही हमीवजा नोंद. प्रत्यक्ष उसनवारी सेटलमेंटच्या, म्हणजे शेअर आणि पैसे हातबदल होण्याच्या, दिवशी होते. त्याच दिवशी शॉर्ट करून त्याच दिवशी कव्हर केलं तर सेटलमेंटला देणं-घेणं शून्य होतं आणि रात्रीचं भाडं लागत नाही. लोकेटचे पैसे मात्र लागतातच.

पाचवी पायरी: भाड्याचा हिशोब स्वतः करा

लोकेट शुल्क वेगळं आणि रात्रभर शॉर्ट ठेवल्याबद्दलचं भाडं वेगळं. भाडं वार्षिक टक्क्यांत सांगतात आणि रोज मोजतात. पद्धत अशी: शेअरच्या बंद भावाच्या १०२ टक्के घ्यायचे, ते वरच्या पूर्ण डॉलरला न्यायचे, शेअरांच्या संख्येने गुणायचे, वार्षिक दराने गुणून ३६०ने भागायचं. भाव २० डॉलर, शेअर १,०००, दर ३६ टक्के असं धरू. २०चे १०२ टक्के २०.४०, वरचा पूर्ण आकडा २१. रक्कम २१,०००. तिच्या ३६ टक्क्यांना ३६०ने भागलं की रोजचं भाडं २१ डॉलर.

आता दिवस मोजू. मे २०२४पासून अमेरिकेत सेटलमेंट सौद्यानंतरच्या लगेच पुढच्या कामाच्या दिवशी होते. गुरुवारी शॉर्ट केला, त्याची सेटलमेंट शुक्रवारी. शुक्रवारी कव्हर केलं, त्याची सेटलमेंट सोमवारी. तुम्ही पोझिशन (उघडा सौदा) ठेवली एकच रात्र, पण शेअर उसने होते शुक्रवार, शनिवार आणि रविवार. भाडं ६३ डॉलर. बुधवारी शॉर्ट करून गुरुवारी कव्हर केलं असतं तर २१. मध्ये सुट्टी आली तर दिवस आणखी वाढतात. एवढ्या एका गोष्टीकडे लक्ष दिलं तरी वर्षाकाठी बरेच पैसे वाचतात.

आणि दर पक्का नसतो. आज ठरलेला दर उद्या बदलू शकतो, आणि नवा दर जुन्या पोझिशनलाही लागतो. एका छोट्या औषध कंपनीचे ४०० शेअर मी ३० डॉलरने शॉर्ट केले होते तेव्हा दर १८ टक्के होता, म्हणजे दिवसाला सव्वासहा डॉलरच्या आत. दोन दिवसांत तो ९५ टक्क्यांवर गेला. मी फक्त भाव बघत होतो. भाव हळूहळू दीड डॉलरने उतरला, ६०० डॉलरचा फायदा दिसत होता, अंदाज बरोबर आला म्हणून मी खुशीत. महिन्याचं विवरण आलं तेव्हा त्या २१ दिवसांचं भाडं सहाशेच्या वर निघालं. अंदाज बरोबर, सौदा तोट्यात. तेव्हापासून पोझिशन उघडी असेल तर भावाच्या आधी दर पाहतो.

भाड्याखेरीज लाभांश आहे. एक्स-डेटला (त्या तारखेपासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) शॉर्ट उघडा असेल तर लाभांशाएवढी रक्कम तुमच्या खात्यातून मूळ मालकाला जाते. कंपनीने एखादा विभाग वेगळा काढून त्याचे शेअर वाटले, तर तेही तुम्हीच द्यायचे. आणि शेअरचे व्यवहार थांबवले गेले तर भाडं थांबत नाही. कव्हर करता येत नाही आणि मीटर चालू, अशी अवस्था आठवडेन्‌आठवडे राहू शकते. चौकशी किंवा फसवणुकीच्या संशयात असलेल्या कंपन्या शॉर्ट करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण व्यवहार त्यांचेच थांबतात.

सहावी पायरी: मालकाने परत मागितले तर

मालकाला शेअर विकायचे असतात, किंवा सभेत मत द्यायचं असतं, म्हणून तो परत मागतो. ब्रोकर दुसरीकडून आणायचा प्रयत्न करतो. जमलं नाही तर तो तुमच्या नावाने बाजारातून शेअर घेऊन परत करतो. याला ‘बाय-इन’ म्हणतात. भाव कोणता, वेळ कोणती, हे तुमच्या हातात नसतं. माझ्यावर हे एकदाच आलंय. सकाळी निरोप आला की शेअर परत मागितले गेलेत, शक्य असेल तर स्वतः कव्हर करा. मी दुपारपर्यंत भाव उतरायची वाट पाहिली. दुपारी खातं उघडलं तर पोझिशनच नव्हती. खरेदी झाली होती, त्या दिवसाच्या उच्चांकाच्या जवळ. असा निरोप आला की वाट पाहू नका, त्याच मिनिटाला स्वतः कव्हर करा. निदान भाव तरी तुमचा.

धोका आधी ओळखायला एक सार्वजनिक खूण आहे, थ्रेशोल्ड यादी. सलग पाच सेटलमेंट दिवस १०,००० किंवा त्याहून जास्त शेअरांची डिलिव्हरी झाली नाही, आणि तो आकडा कंपनीच्या एकूण शेअरांच्या किमान ०.५ टक्के असेल, तर शेअर या यादीत जातो. एक्स्चेंज ती रोज प्रसिद्ध करतात. यादीतल्या शेअरमध्ये नवख्याने रात्रभर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यांना एकदमच शेअर परत करायची वेळ आली की काय होतं ते ऑक्टोबर २००८मध्ये फोक्सवागनमध्ये दिसलं. पोर्शने २६ तारखेला जाहीर केलं की तिच्याकडे फोक्सवागनचे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन आहेत. सुमारे २० टक्के लोअर सॅक्सनी राज्याकडे होते. म्हणजे बाजारात उरले जेमतेम ६ टक्के, आणि शॉर्ट त्याहून जास्त. दोन दिवसांत भाव १,००० युरोंच्या वर गेला. शॉर्ट करणाऱ्यांपैकी अनेकांचं कंपनीबद्दलचं विश्लेषण चुकीचं नव्हतं. त्यांच्यावर शेअरांचं देणं होतं आणि शेअर नव्हते.

शेअर मिळालेच नाहीत तर

पहिला पर्याय, सोडून द्या. तो कमीपणाचा नाही. उसने शेअर मिळत नाहीत म्हणूनच काही भाव वेडेवाकडे राहतात, हे मार्च २०००मध्ये साऱ्या बाजाराने पाहिलं. थ्रीकॉमने आपल्या पाम कंपनीचे सुमारे ५ टक्के शेअर बाजारात आणले. थ्रीकॉमच्या प्रत्येक शेअरमागे पुढे पामचे सुमारे दीड शेअर मिळणार होते. पहिल्या दिवशी पाम ९५.०६ डॉलरवर बंद झाला, म्हणजे थ्रीकॉम निदान १४२चा हवा. तो बंद झाला ८१.८१ला. पाम विका आणि थ्रीकॉम घ्या, हे शाळकरी मुलालाही कळलं असतं. पण विकायला पामचे उसने शेअर मिळणं महामुश्कील होतं, म्हणून चूक सगळ्यांना दिसूनही टिकून राहिली. एखादी संधी फारच उघड दिसत असेल तर आधी लोकेट तपासा. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं.

दुसरा पर्याय पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने (स्ट्राइक) शेअर विकायचा हक्क. त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. तोटा प्रीमियमपुरता राहतो, शेअर उसने घ्यावे लागत नाहीत. पण भाडं टळतं असं समजू नका. पुट विकणारा स्वतःची जोखीम झाकायला शेअर शॉर्ट करतो आणि त्याचं भाडं तुमच्या प्रीमियममध्ये घालतो. २० डॉलरच्या शेअरचा दर ६० टक्के असेल तर तीन महिन्यांचं भाडं ३ डॉलर होतं, आणि २०च्या स्ट्राइकचा पुट त्याच स्ट्राइकच्या कॉलपेक्षा (शेअर विकत घ्यायच्या हक्कापेक्षा) साधारण तेवढ्यानेच महाग मिळतो. याचा एक उपयोग असा की ब्रोकर दर दाखवत नसेल तर या फरकावरून तो काढता येतो. कॉल विकून शॉर्टची हौस भागवायची मात्र टाळा. घेणाऱ्याने हक्क वापरला आणि कॉल अंगावर आला की खात्यात शेअर शॉर्ट होऊन बसतात आणि उसने मिळाले नाहीत तर बाय-इन ठरलेला.

ऑर्डर टाकताना आणि कव्हर केल्यावर

ऑर्डर ‘शॉर्ट सेल’ म्हणूनच टाका, लिमिट भाव (याहून कमीला विकू नये असा) देऊन. शेअर आदल्या बंद भावापेक्षा १० टक्के पडला असेल तर अमेरिकेत त्या दिवसाचा उरलेला वेळ आणि पुढचा पूर्ण दिवस सर्वोच्च खरेदी बोलीच्या वरच शॉर्ट विकता येतो. तुमची ऑर्डर नुसती उभी राहिली तर हे कारण असू शकतं, ब्रोकरला फोन करण्याआधी ते तपासा. पहिले काही सौदे मोठ्या, सोप्या यादीतल्या शेअरमध्ये करा, आकार इतका लहान ठेवा की भाव दुप्पट झाला तरी मार्जिन कॉल येऊ नये.

कव्हर केल्यावर काम संपलं असं वाटतं, पण सेटलमेंट व्हायची असते. दोन दिवसांनी खात्यात उसन्या शेअरांची नोंद शून्य झाली का ते पाहा. भाड्याची शेवटची रक्कम वरच्या पद्धतीने स्वतः मोजून विवरणाशी ताडून घ्या, आणि मधल्या काळात एक्स-डेट येऊन गेली असेल तर लाभांशाची नोंदही शोधा. ती कधी कधी कव्हर केल्यानंतर बऱ्याच दिवसांनी, लाभांश वाटपाच्या तारखेला येते.